रस्त्याचा दिवस

३ फेब्रुवारी

उत्तरेकडून दोन डॉक्टर गावात आले. डॉक्टर म्हटल्यावर माझी बायको कातारिना हिनं लगेच आपला दुखरा गुडघा पुढे केला. हे त्यातले डॉक्टर नव्हेत, माणसं गाव सोडून का जातात त्याचे डॉक्टर आहेत, हे मी तिला समजावलं. "मग गुडघ्याला काय लावायचं तेही माहीत नाही?" ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

दुभाष्या म्हणून माझी निवड झाली आहे. सान इलारिओच्या सगळ्या खोऱ्यात स्पॅनिश आणि आमची माम बोली दोन्ही बरी येणारा, आणि दिवसभर रिकामा, असा निवृत्त मास्तर मी एकटाच. या ऐतिहासिक कामाची नोंद असावी म्हणून आजपासून दैनंदिनी लिहितो आहे. पुढे कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर त्याची सोय होईल.

प्रश्न असा, की गेल्या वर्षी आमच्या डोंगरांतून एकदम एवढी माणसं मेहिको ओलांडून उत्तरेला कशी काय गेली? दोघांतल्या हॉलोवे बाईंचं म्हणणं, तिकडचं सरकार मऊ बोललं, दार किलकिलं झालं असं इकडे ऐकू आलं आणि लोक धावले. प्रुइट साहेब म्हणतात, छे, सरकारचा काही संबंध नाही. इथं कॉफीच्या पानांना तांबेरा लागला, भाव पडला, गोठवणाऱ्या हिवानं मका जाळला. तिकडे कुणीही खुर्चीवर असतं तरी लोक निघालेच असते. दोघांनी मिळून यावर एक जाड पुस्तक लिहिलं आहे आणि तेव्हापासून त्यांचं पटत नाही.

मी दोघांनाही "अगदी बरोबर" म्हणालो. दोघं माझ्याच घरी उतरलेत. एकाला दुखावून रोज सकाळी त्याच्यासमोर अंडं ठेवणं बरं दिसत नाही.

७ फेब्रुवारी

घरोघर फिरणं सुरू आहे. भाषांतर करता करता मी लोकांची उत्तरं जराशी नीटनेटकी करतो. मुलांचे निबंध तपासायची जुनी सवय.

फेलिपेला विचारलं, धाकटा भाऊ का गेला? तो म्हणाला, "समोरच्या पास्कुआलच्या पोरानं पैसे धाडले, त्यानं तीन मजली घर बांधलं आणि वर काचेचा गरुड बसवला. सकाळी दार उघडलं की तो मेला गरुड आमच्याकडे बघतो, मास्तर." मी सांगितलं, "सामाजिक विषमता." प्रुइट साहेब खूश झाले. बाईंचं तोंड उतरलं. म्हणून पुढच्या घरी एउलोखिआ म्हणाली, "चुलतभावाचा फोन आला, पोर बरोबर असेल तर आत घेतायत म्हणाला", त्याचं मी "धोरणातील बदलांविषयी वेळेवर मिळालेली माहिती" असं करून दिलं. बाई खुलल्या. आमचे लोकही काही कमी नाहीत. विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून त्याला काय हवंय ते वाढतात. एउलोखिआनं तर दुपारी प्रुइट साहेबांना पाऊस पडत नाही म्हणून रडून दाखवलं.

घरी आल्यावर कातारिना म्हणाली, "मातेओचं पोर गेल्या साली वाळवंटातून पेटीत परत आलं. त्याच्या घरी गेलात का?"

गेलो नाही. मातेओसमोर मला काही नीटनेटकं करता आलं नसतं.

१२ फेब्रुवारी

आज मिकाएलाबद्दल लिहितो. आमची एकुलती एक. मी हट्टानं तिला शिक्षिका केली. दोन वर्षं झाली, नेमणूक आलेली नाही, पण येईल. खोऱ्यातली निम्मी घरं रिकामी झाली तरी माझ्या घरातून कुणी गेलेलं नाही आणि जाणारही नाही. शिक्षणाचा हाच फायदा असतो, असं मी आज जेवताना दोन्ही डॉक्टरांना सांगितलं. मिकाएला ताटाकडे बघून हसली. तिला कौतुक सहन होत नाही.

पोरीला शिकायची गोडी भारी. रोज संध्याकाळी हॉलोवे बाईंकडून इंग्रजी शिकते. काल ऐकलं तर "पाणी कुठे आहे", "मला माझ्या बहिणीला फोन करायचा आहे" ही वाक्यं चालली होती. मी म्हणालो, "अगं, व्याकरणापासून सुरुवात कर." तर म्हणते, "व्याकरण नंतर, बाबा."

शिवाय हल्ली पहाटे पाठीला पिशवी लावून डोंगर चढून येते. पिशवीत दगड भरते म्हणे. विचारलं तर म्हणाली, वजन वाढलंय. वजन कुठे वाढलंय? बहुधा लग्नाचा विचार असावा. मी समजूतदार बाप आहे, जास्त चौकशी केली नाही.

१७ फेब्रुवारी

मोठा शोध लागला! 

सकाळी चेपे ड्रायव्हरच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे उत्तरेला निघालेले, आया पदरानं डोळे पुसत होत्या. चेपे म्हणाला, "मास्तर, मागच्या महिन्यातही एकदा अशीच भरली होती. मधले दोन-अडीच आठवडे गाडी रिकामी. माझं गणितच बसत नाही." माझं बसलं! आमच्या जुन्या पंचांगात दर वीस दिवसांनी रस्त्याचा दिवस येतो. त्या दिवशी निघालेला माणूस पोचतो, असं लोक मानतात. मागच्या वेळची गर्दीही रस्त्याच्याच दिवशी होती.

म्हणजे हे सरकार नाही, तांबेराही नाही. वेनान्सिओ आजोबा! गावाचे दिवस तेच बघतात. ही दोन विद्यापीठं इतके दिवस एकमेकांशी भांडतायत, आणि लाट कधी उठायची ते ठरवतोय एक दात नसलेला म्हातारा. हे पहिल्यांदा ओळखलं ते मी, फेर्मिन मास्तरनं.

१८ फेब्रुवारी

काल जेवताना शोध जाहीर केला. सूप संपेपर्यंत मी थोर होतो. बाईंनी टाळ्या वाजवल्या, प्रुइट साहेबांनी माझा हात दाबून धरला. मग बाई म्हणाल्या, "पण प्रोफेसर, तुमचे आजोबा कधी निघायचं ते सांगतात. का निघायचं ते नाही." साहेब म्हणाले, "बरोबर. मुहूर्तामुळे कुणी लग्न करत नाही." त्या पुस्तकानंतर दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि ते माझ्याविरुद्ध.

मी हार मानलेली नाही. आजोबांनी दिवसच द्यायचे बंद केले तर? लोक थांबतील की नाही? उद्याच जाऊन विचारतो. कातारिना म्हणाली, "जा जा, जरूर जा." एवढ्या उत्साहानं तिनं मला कुठंच धाडलेलं नाही. खाली मान घालून मिकाएला हातमागावर भराभर धोटा फेकत होती. हल्ली हे कापड संपवायची तिला फारच घाई झालीय.

१९ फेब्रुवारी

वेनान्सिओ आजोबांकडे जाऊन आलो. मला वाटतं, मुलाखत घेण्यात मी आता या दोघांच्याही पुढे गेलो आहे. जसं झालं तसं लिहितो.

खोलीत जमिनीवर देवदाराची ओली पानं अंथरलेली होती आणि आजोबा तांबड्या बियांचे ढीग करत होते. मी म्हणालो, "आजोबा, शास्त्रासाठी विचारतो. दिवस कसा देता?"

"मागितला की देतो."

"कोणी मागायचा?"

"जाणाऱ्याच्या बापानं. स्वतःच्या तोंडानं. बापानं मागितला नाही तर रस्त्याला कसं कळणार पोर कुणाचं ते? मग तो सांभाळत नाही."

हे मी नीट लक्षात ठेवलं. शास्त्राच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे.

मग म्हातारा म्हणाला, "मास्तर, बरं झालं आलात. एक अडचण आहे. एक घर आहे चांगलं. पोरगी शिकलेली, पण काम नाही. जायचं म्हणतेय. आईचं मन झालंय, रडून रडून झालंय. पण बापाला विचारायची कुणाची छाती होत नाही."

"का? मारकुटा आहे का?"

"नाही हो, भला माणूस आहे. बोलतो फार."

"कोण हो हा?"

"नाव सांगायची रीत नाही. तुम्ही त्या बापाच्या जागी असता तर काय केलं असतं?"

आता मला कुणी सल्ला विचारला की मी थांबत नाही. मी म्हणालो, अशा बापाची कीव येते. पोरीला शिकवायचं, पंख द्यायचे आणि मग खुराड्यात कोंडायचं? आजोबा, जग बदललंय! मी त्या जागी असतो तर छाती पुढे काढून म्हणालो असतो, द्या दिवस, आणि चांगला द्या. येत्या रस्त्याच्या दिवसाला पंचांगात आठाचा अंक आहे ना? आठ म्हणजे पुरा अंक. तोच द्या.

"आठाचा रस्त्याचा दिवस. तुम्ही म्हणता?"

"मीच म्हणतो!"

"स्वतःच्या तोंडानं?"

"आजोबा, दुसऱ्याचं तोंड कुठून आणू?"

म्हातारा उठला आणि दिवसाउजेडी त्यानं एक मेणबत्ती लावली. डोळ्यांना कमी दिसत असावं. मग त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. दिवस द्यायचे बंद करा, हे सांगायचं राहूनच गेलं. एकूण मुलाखत यशस्वी.

घरी आल्यावर कातारिनानं विचारलं, "काय म्हणालात त्यांना?" मी सगळं भाषण पुन्हा म्हणून दाखवलं. ती ऐकत उभी राहिली आणि मग तोंड धुवायला परसात गेली. मिकाएलानं मला न मागता कॉफी करून दिली, भरपूर साखर घालून.

२ मार्च

रेडिओवर बातमी. तिकडच्या सरकारनं सूर बदलला आहे, आता येणाऱ्याला लगेच परत पाठवणार म्हणतात. त्याच सकाळी आमच्याकडे अवेळी हीव पडलं आणि वरच्या अंगाची कॉफीची रोपं काळी झाली. दोन्ही डॉक्टरांना आनंद लपवता येईना. बाई म्हणाल्या, आता या महिन्यात जाणारे घटणार. साहेब म्हणाले, वाढणार. पैज लागली आहे. हरणाऱ्यानं पुढच्या पुस्तकात आपलं नाव दुसरं घालायचं.

माझी तिसरी बाजू आहे. ९ तारखेला आठाचा रस्त्याचा दिवस. सरकार काही बोलो, हीव पडो न पडो, त्या सकाळी चर्चसमोर बस भरलेली दिसेल. दोघांनाही तिथं घेऊन जाणार आहे. आमच्या म्हणीप्रमाणे, हातच्या कांकणाला आरसा कशाला?

कातारिना दोन दिवस मक्याच्या भाकऱ्या निखाऱ्यावर कडक वाळवते आहे. त्या महिनाभर टिकतात. मी म्हणालो, "अगं, डॉक्टर लोक आठवड्यात जातील, एवढ्या कशाला?" ती म्हणाली, "असू देत, मास्तर." तिचे डोळे लाल होते. ओली लाकडं जाळते आणि ऐकत नाही.

९ मार्च

आज लिहवत नाही.

१२ मार्च

लिहितो. चरित्रकाराला हे पान सापडलं नाही तर बरं.

सकाळी उजाडताना मी दोन्ही डॉक्टरांना घेऊन चर्चसमोर उभा होतो. धुकं होतं. बस उभी होती आणि माणसंही होती, मी म्हणालो होतो तेवढी नाही, पण होती. बहुतेक माझेच विद्यार्थी. आमच्याकडे निघताना लहानानं मोठ्यापुढे मान वाकवायची आणि मोठ्यानं डोक्यावर हात ठेवायचा. बापानं ठेवला की मास्तरनं. एकेक पोर येऊन माझ्यापुढे वाकायला लागलं. मी हात ठेवत होतो आणि मान वळवून डॉक्टरांना समजावत होतो, "बघा, हा रस्त्याच्या दिवसाचा प्रभाव. हा बेनितो, पाढ्यांत कच्चा. ही लुसिआ. बघा, अजून येतायत!" प्रुइट साहेब फोटो काढत होते. मी चेहऱ्यांकडे बघतही नव्हतो. डोकं हाताखाली आलं की हात ठेवायचा, आणि पुढचं वाक्य साहेबांना.

एका डोक्यावर हात ठेवला आणि बोलता बोलता थांबलो. ते डोकं मला हातानं कळलं. लहानपणी पडल्याची खोक तिच्या टाळूवर आहे, तिथं केस येत नाहीत.

मिकाएला वर बघेना. पाठीला पिशवी, अंगावर नवीन विणलेलं कापड. मागे कातारिना उभी होती, तिच्या मागे वेनान्सिओ आजोबा.

"दिवस तुम्हीच मागितलात, बाबा," ती खाली बघून म्हणाली. "आता हात काढू नका. थोडा वेळ तसाच ठेवा."

बाई कुजबुजल्या, "प्रोफेसर, ही तर..."

मला तिचा दंड धरता आला असता. बापानं सगळ्यांदेखत दंड धरला की पोरगी जात नाही, निदान त्या दिवशी तरी. मी धरला नाही. का धरला नाही, याचा तीन दिवस विचार करतोय. दुसऱ्याच्या पोरीविषयी मी फार उदार बोललो होतो, ते गिळता येईना म्हणून? की ती जाते आहे हे बरोबरच आहे, असं मनातून वाटलं म्हणून? की दोन परदेशी डॉक्टर बघत होते आणि मला त्यांच्यासमोर अडाणी बाप दिसायचं नव्हतं? हे शेवटचं कारण खरं असेल, याची मला भीती वाटते.

जन्मभर बोलत आलेल्या माणसाच्या तोंडून निघालं काय, तर "स्वेटर घेतलास का?"

"घेतला," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

१३ मार्च

कातारिनाशी भांडलो. "मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही भाषण केलं असतं. ती थांबली असती. तुमच्यासाठी थांबली असती आणि जन्मभर तुमच्याकडे बघत बसली असती."

"आणि त्या वाळवंटात काही झालं तर?"

ती उठून आत गेली. मघाशी पोरीसाठी मेणबत्ती लावताना मी तिला पाहिलं. भांडायचं बळ माझ्यात राहिलं नाही.

२५ मार्च

मिकाएलाचा फोन नाही. चेपे म्हणतो, मेहिकोत रेंज नसते. तो सगळ्यांना हेच सांगतो.

डॉक्टर उद्या जाणार. त्यांना सरहद्दीवरचे आकडे कळले. या महिन्यात जाणारे घटले. हॉलोवे बाई जिंकल्या. प्रुइट साहेब म्हणाले, एका महिन्यावरून काही ठरत नाही, हिवाचा परिणाम उशिरा दिसतो. दोघं हळू आवाजात भांडत होते, माझ्याकडे बघून मधेच थांबत होते. चांगली माणसं आहेत. घटलेल्या आकड्यात माझी मुलगी आहे. मला तो आकडा कमी वाटत नाही.

निघण्याआधी आमच्या घराचीही मुलाखत घ्यायला हवी, असं बाई फार संकोचून म्हणाल्या. नियमच आहे, आता या घरातूनही माणूस गेलंय. मी तर दुभाष्या, म्हणून उत्तरं कातारिनानं द्यायची ठरली.

बाईंनी विचारलं, ती का गेली? कातारिना म्हणाली, "तिकडचं दार बंद व्हायच्या आत जावं म्हणून." साहेबांनी विचारलं, तर म्हणाली, "कॉफी जळाली म्हणून." चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी स्पॅनिशमध्ये सांगितली, एक शब्दही नीटनेटका केला नाही. पोरगी ठरवून बसली होती ती हीव पडायच्या आधी, सूर बदलायच्याही आधी. मला हे माहीत होतं. तरी मी गप्प बसलो.

ते आत गेल्यावर मी तिला माममध्ये विचारलं, "खरं काय ते मला सांग. का गेली?"

कातारिना म्हणाली, "सगळं खोरं पालथं घातलंत मास्तर. ज्याच्या त्याच्या दारात जाऊन विचारलंत, तुमचं पोर का गेलं, का गेलं. ती रोज तुमच्यासमोर जेवायला बसत होती. तिला विचारलंत का कधी?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी मुलांना फळ्यावर लिहून द्यायचो. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा.

३१ मार्च

मातेओकडे गेलो. काही विचारलं नाही. त्याच्याबरोबर शेंगा सोलल्या.

८ एप्रिल

दुपारी फोन वाजला. कातारिनाच्या हातून घागर पडली. मिकाएला पोचली आहे. पायाला फोड आले आहेत, ताप येऊन गेला, पण मावसबहिणीच्या घरी आहे. आईशी आधी बोलली, दोघी नुसत्याच रडत होत्या. मग फोन माझ्याकडे आला.

"रागावलात, बाबा?"

नाही म्हणालो. मग म्हणालो, "मिकाएला, तू का गेलीस?"

 मला वाटलं, चुकीचंच विचारलं. मग ती म्हणाली, "मागच्या वर्षी सान इलारिओच्या जत्रेत मी नवे कपडे घालून नाचायला गेले होते, आठवतं? मारिंबा वाजत होती, आणि माझ्या वयाचं कुणीच नव्हतं. म्हाताऱ्या होत्या आणि पोरं होती. मी शाळेतल्या पोरींबरोबर नाचले. तुम्ही माइकवर भाषण करत होतात..."

आणि ती बोलत राहिली. शाळेतली पटावरची मुलं कशी कमी होत गेली, तिला नेमणूक कधीच येणार नाही हे तिला माझ्याआधी कसं कळलं होतं, आणि ते मला सांगायला ती कितीदा माझ्यासमोर येऊन बसली होती. बाकीचं इथं लिहीत नाही. ते तिचं आहे.

मधेच कातारिनानं माझा दंड हलवला. "काय झालं? बोलत का नाही? लाइन कटली काय?"

मी मानेनंच नाही म्हणालो आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.